आपली मोरी कुठे होती?

पुदिन्याची जुडी निवडायला बसा. आज घाई नको. एक पान चुरडून वास घ्या. पानावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाच्या ग्रंथी फुटल्या, म्हणून तो आला. श्वास सोडा, मग पुढचं पान खुडा.

पानं संपली की काड्या टाकू नका. एक जाडसर काडी दोन बोटांत हळूच फिरवा. ती गोल नाही, चार कडा बोटांना लागतात. तुळस, सब्जा यांच्या कुळातली ही खूण. आता पेरावर बोट थांबवा. समोरासमोरची दोन पानं इथूनच फुटली होती, आणि काडी पाण्यात ठेवली तर मुळंही बहुधा इथूनच फुटतील. पुदिन्याचं बी बारीक असतं, त्यातून येणारं रोप मूळ झाडासारखंच निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून लावणारे काडीच लावतात. एक-दोन पेरं मातीत, बाकीची वर.

डोळे मिटा. घरामागची कडक, कोरडी जमीन मनात आणा. मे महिना आहे. तिथल्या पुदिन्याची पानं आधी लहान झाली, मग कडांनी करपली, मग काड्या राठ होऊन वाळल्या. बघणारा म्हणेल, ‘गेला.’

थोडं थांबा. खुरप्यानं वरची दोन बोटं माती बाजूला करा. पांढुरक्या, पेरापेरांच्या फांद्या आडव्या पसरलेल्या दिसतील. दिसायला मुळांसारख्या, पण ते खोडच आहे, मातीखालून चालणारं. त्यांत जीव असेल तर एखादा चांगला वळीव पुरतो. पेरांमधून कोंब वर येतात. ओल टिकली तर हाच पुदिना शेजारच्या कोथिंबिरीच्या वाफ्यातही घुसतो.

पण पुदिना हे काही माळरानावरचं काटक झुडूप नव्हे. ओलीशिवाय तो फोफावत नाही. म्हणून पडीक जागेत माजलेला पुदिना दिसला, की त्याच्या चिवटपणाचं कौतुक करण्याआधी आजूबाजूला नजर फिरवा. मोरीचं पाणी कुठून वाहतंय? टाकी गळतेय का? दुपारनंतर कुठल्या भिंतीची सावली पडते? पाचोळा किती साठलाय? कुणी लक्ष दिलं नाही, हे खरं. पण कुणा बाईनं रोज भांडी विसळली, तांदूळ धुतले, पाणी सोडून दिलं. त्या बाईला पुदिना वाढवायचा नव्हता. तरी तो तिच्याच पाण्यावर वाढला.

आता हाच प्रश्न स्वतःला विचारा. ‘मी माझ्या हिमतीवर उभा राहिलो’, ‘मी कुणाच्या मदतीशिवाय शिकले’, असं आपण म्हणतो. तेव्हा आपली मोरी कुठे होती? शेजारच्या घरातून ऐकू येणारी पाठांतरं, मोठ्या भावाची जुनी पुस्तकं, दुकानात उधारी लिहून ठेवणारा कुणी. त्यांनी आपल्याला वाढवायचं ठरवलं नव्हतं. त्यांचं त्यांचं काम चाललं होतं. आपल्या पेरांत जोर होता, तो नाकारायचं कारण नाही. पण नुसत्या जोरानं पान हिरवं राहत नाही.

असं एक माणूस आठवा. घाईनं आभार मानू नका. आधी त्याचं नाव नीट आठवा, मग त्याच्याकडून आपल्यापर्यंत नेमकं काय वाहत आलं, ते स्वतःला एका वाक्यात सांगा. ते वाक्य जमलं, की ‘माझ्या हिमतीवर’ हे शब्द पुन्हा एकदा म्हणून बघा.