खिडकीपाशी आलेला हात

मनमाडला रेल्वे आहे, पाणी नाही. वागदर्डी धरण आटत आलं की नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येतं आणि आलं की ड्रम, हंडे, पातेली, दुधाचा कॅन, घरात जे भांडं असेल ते भरून ठेवायचं. त्याच गावाच्या स्टेशनावर भर उन्हात जनरल डब्याच्या गजांमधून रिकामी बाटली धरलेला हात बाहेर येतो. बिहारकडचा, तेलंगणातला, कुठलाही. गाडी दोन-पाच मिनिटांत सुटणार आणि तो माणूस पुन्हा कधी दिसणार नाही. घरात मोजून साठवलेलं पाणी त्याला द्यावं का, आणि द्यायचं तर कुठल्या नात्यानं, हा मला लहानपणापासून धर्माचा प्रश्न वाटत आला आहे.

माझे वडील इथल्या रेल्वे कारखान्यात होते. तिथे पुलांचे गर्डर तयार होतात. आमची खोली रुळांपासून हाकेच्या अंतरावर. एप्रिल-मेमध्ये आई आणि शेजारच्या बायका दुपारच्या गाडीला पाणी घेऊन जायच्या. खिडकीतून पाणी देणं दिसतं तितकं सोपं नसतं. तांब्या गजांतून आत जात नाही. बाटलीचं तोंड अरुंद, धार हलली की पाणी फलाटावर, आणि सांडलेला प्रत्येक घोट आपल्या घरातला. म्हणून आई चहाची मोठी किटली न्यायची. किटलीची चोच बरोबर गजांतून आत जाते आणि बाटलीच्या तोंडाशी टेकते. ज्याच्याकडे बाटली नसे तो ओंजळ पुढे करायचा. ओंजळ भरली की आई चोच वर उचलायची, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबायची, मग पुन्हा धार. शिट्टी झाली की तिची धांदल उडायची, पण आधी कोणाला द्यायचं हे तिनं कधी चेहरा बघून ठरवलं नाही. जो हात जवळ त्याला आधी.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, कर्तव्य म्हणून, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि पात्र व्यक्तीला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीची अट जंक्शनवर आपोआप पाळली जाते. ठिकाण आणि वेळ तहानच ठरवते. माझं अडतं ते पात्रतेपाशी. सुटायच्या बेतात असलेल्या गाडीतल्या माणसाची पात्रता कोणी आणि कशी तपासायची? आणि तपासायला बसणारा नेमकं काय तपासतो, हे आमच्या या रुळांनी चांगलंच पाहिलं आहे.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात उपाशी माणसांनी या मार्गाचं मातीकाम केलं. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर सरकारचाही पात्रतेचा निकष होता: जो एवढ्या कष्टाचं काम करील तोच खरा गरजू. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. पुढे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळं झालं. आगगाडीनं सगळ्यांना एका बाकावर बसवलं असं आपण म्हणतो. पण उतरून तहान भागवायची तर आधी धर्म सांगावा लागत होता.

जातीचं तर विचारायलाच नको. १९३८ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे, मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बोलले. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच भाषणातली. त्यातला एक तपशील मला अधिक बोचतो. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातही राबवून घेतात आणि मास्तरला घरात तो चालत नाही. रूळ सांभाळायला जे हात पात्र होते, ते मास्तरच्या घरातल्या कामाला अपात्र ठरत होते.

म्हणून मला वाटतं, खिडकीतल्या त्या हाताला दिलेल्या पाण्याला दान म्हणूच नये. शतपथ ब्राह्मणात माणूस चार ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं आणि माणसांचं. पहिली तीन आपण पाठ केली, चौथं मागे पडलं. ते फेडायचं ते घरी आलेल्याला अन्न आणि आसरा देऊन. ऋण म्हटलं की पात्रता गळून पडते. उधारी चुकती करताना वाणी सज्जन आहे की नाही हे आपण पाहत नाही.

आमच्या गावाच्या बाबतीत हे ऋण अगदी रोकडं आहे. निजामाच्या मुलुखातून येणारी मीटरगेज इथे ब्रॉडगेजला मिळायची. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत हमालांच्या पाठीवरून जायचा, आणि त्या पाठींवर गावातल्या कितीतरी चुली पेटायच्या. आजही अन्न महामंडळाच्या गोदामात रेकमधून धान्याची पोती उतरतात, पानेवाडीला तेलाच्या वाघिणी भरतात, स्टेशनाबाहेर जीपवाले 'शिर्डी, शिर्डी' म्हणून हाका मारतात. आमचं पोट वाटसरूवर आहे. आई म्हणायची, "अगं, ही गाडी थांबते म्हणून तुझ्या बाबांना पगार आहे." ती शतपथ ब्राह्मण वाचायला गेली नव्हती.

वडिलांचा एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. फलाटावर पैसे मागणाऱ्या लेकरांना पैसे देऊ नका, ते त्यांच्या हातात राहत नाहीत, असं ते म्हणत. त्यांचं खरं होतं. पण त्यातून ठरतं ते काय द्यायचं एवढंच; कोणाला द्यायचं ते नव्हे. पाणी आणि भाकरी त्याच क्षणी पोटात जाते, ती कोणी काढून घेऊ शकत नाही. इथल्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात हेच दिसतं. नांदेडला निघालेले यात्रेकरू आणि नुसताच भुकेलेला माणूस एका पंगतीत बसतात आणि वाढणारा ताट बघून वाढतो.

टाळेबंदीत, ८ मे २०२० ला, करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेनं ते चालत निघाले होते, घरी, मध्य प्रदेशात जायला. ती मालगाडी पानेवाडीकडे निघालेल्या रिकाम्या टँकरांची होती, म्हणजे आमच्याच गावाकडे येत होती. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. प्रवासाला पात्र ठरवणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. त्या दिवसापासून पात्रता हा शब्द माझ्याच्यानं सहज उच्चारवत नाही.

यंदा आमच्या गल्लीनं स्टेशनाच्या रस्त्यावर पाणपोई घालायचं ठरवलं आहे. एसी डब्यांच्या बंद काचांतून हात बाहेर येत नाहीत, पण जनरलचे लोक अजून उतरून धावत येतात. रांजण मिळाले, टँकरची वर्गणी जमली. काहींना पाणपोईवर आपल्या समाजाच्या मंडळाचं नाव हवं आहे. पैसे त्यांनी जास्त दिलेत, मागणी रीतीला धरून आहे. मी पाटीला विरोध केला आहे. नाव वाचून एखादा जरी थबकला तरी ते पाणी आपण अडवल्यासारखं होईल, असं मी बैठकीत सांगितलं. दोघे-तिघे माझ्या बाजूनं आहेत, बाकीचे गप्प आहेत. रविवारी पुन्हा बसायचं आहे.