गुप्त मत आणि शेजाऱ्याची भाकर

संप हा शब्द आपल्या खेड्यांस नवा नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते, आणि पुष्कळांस शेवटी गावीच परतावे लागले. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे: ज्या मताने शेजाऱ्याची चूल विझू शकते, ते मत ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या बुद्धीने द्यावे?

अमेरिकेतील एक अलीकडचा दाखला घेऊ. बोइंग ही विमाने बांधणारी कंपनी. 2014 सालच्या जानेवारीत तिच्या वॉशिंग्टन राज्यातील कामगारांनी, नवीन विमानाचे काम तेथेच राहावे म्हणून, जुने निवृत्तिवेतन सोडण्याचा करार मान्य केला. शंभरांत 51 अनुकूल, 49 प्रतिकूल. मोजणी एका रात्रीत संपली. मनातील सल दहा वर्षे राहिला. 2024 साली कंपनीने चार वर्षांत शेकडा 25 वेतनवाढ देऊ केली. पुढाऱ्यांनी ती घेण्याचा सल्ला दिला असताही 12 सप्टेंबरास शेकडा 94.6 सभासदांनी ती नाकारली, आणि सुमारे 33,000 कामगार संपावर गेले. महिनाअखेर कंपनीकडील आरोग्यविमा बंद झाला. संघाकडून तिसऱ्या आठवड्यापासून मिळे ते आठवड्यास 250 डॉलर. शेवटी 4 नोव्हेंबरास शेकडा 38 वाढीचा करार 59 विरुद्ध 41 मतांनी मान्य झाला. निवृत्तिवेतन मात्र परत आले नाही.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती मनुष्याने मुकाट्याने सोसावे. परंतु अडवून ठेविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे याकोब आपल्या पत्रात शिकवितो. तेव्हा न्याय्य वेतन मागणे हे पाप नव्हे. दुसरा म्हणेल, बहुमत तेच सत्य. परंतु बरब्बास सोडावा असे ओरडणारेही पुष्कळच होते. बहुमताने करार ठरतो. धर्म ठरत नाही.

त्या संघाचा एक नियम विचार करण्याजोगा आहे. करार नाकारण्यास निम्म्याहून अधिक मते पुरत. संप पुकारण्यास मात्र दोन तृतीयांश लागत. ह्यात शहाणपण आहे. आपली भाकर सोडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याची भाकर सोडविताना हात जड झाला पाहिजे. ज्याच्या घरी औषध चालू आहे, ज्याच्यावर कर्ज आहे, त्याचा भार कोण उचलणार, हे न विचारिता दिलेले मत शूर दिसले तरी प्रीतीचे नव्हे. आणि भिऊन दिलेली संमतीही, जर तिने उद्याच्या मजुरांचा हक्क विकला जात असेल, तर निर्दोष नव्हे.

आपल्या मंडळीतही विहिरीविषयी, शाळेविषयी, पाळकांच्या वेतनाविषयी हात वर होतात. बंधूंनो, हात वर करण्यापूर्वी ज्या घरावर ओझे पडणार त्या घरी जाऊन बसा. मोजणी झाल्यावर जिंकलेल्याने हरलेल्याच्या दारी प्रथम जावे. मतपत्रिका मनुष्यांपासून झाकलेली असते. देवापुढे ती उघडीच आहे, आणि तिच्यावर आपल्या नावाशेजारी शेजाऱ्याचेही नाव लिहिलेले आहे.