मोजणें हें दयेचें कृत्य आहे काय?

आपल्या खेड्यांतून पूर्वापार अशी समजूत आहे कीं, बाराव्या दिवशीं बारसें होऊन नांव ठेविलें म्हणजे मग मूल घरच्या माणसांत जमा झालें. त्या आधीं तें दगावलें तर फारसा गवगवा होत नाहीं. शेजारीपाजारी येऊन म्हणतात, "आलें तसें गेलें, बाळंतीण वांचली हेंच पुष्कळ." चार दिवसांनीं घर आपल्या कामास लागतें. पुष्कळ वेळां गांवच्या वहींत त्या मुलाचा ना जन्म लिहिला जातो, ना मृत्यु. एक जीव आला आणि गेला, आणि त्याची आठवण काय ती एकट्या आईपाशीं राहिली.

आतां अशा दारीं कोणी वही घेऊन येतो आणि विचारतो, "मूल कोणत्या दिवशीं झालें? जन्मतांच रडलें काय? दूध ओढीत होतें काय? किती दिवस जगलें?" हा मनुष्य दया करतो, कीं दुःखावर डागणी देतो? मेलेलें मूल मोजल्यानें परत येत नाहीं. मग मोजण्यानें कोणाचें बरें होतें? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. म्हणून एका खऱ्या उदाहरणावरून आपण त्याचा विचार करूं.

आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास, रानांनीं वेढलेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या पतिपत्नीनें १९८५ सालीं 'सर्च' ही संस्था काढिली. तेथें पुढें नवजात बालकांविषयीं जें संशोधन झालें त्यासाठीं ३९ गांवें निवडण्यांत आलीं. पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या गांवच्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. त्यांस आरोग्यदूत म्हणतात. १९९५-९६ ह्या पहिल्या वर्षीं ह्या स्त्रियांचें काम मुख्यत्वें पाहण्याचें व नोंदण्याचें होतें. घरोघरीं जाऊन त्या बाळाचें वजन करीत, अंगाची ऊब पाहत, श्वास मोजीत, आणि जें दिसेल तें लिहीत. अशीं ७६३ बालकें जन्मापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पाहिलीं. त्यांपैकीं ४० मेलीं. अर्ध्याहून अधिक बालकांस औषधपाण्याची गरज होती. परंतु डॉक्टराची दृष्टि पडली ती शेंकडा २.६ बालकांवर, आणि इस्पितळाचें दार पाहिलें तें हजारीं केवळ चार बालकांनीं.

हे आंकडे वाचून कोणाही मायाळू मनुष्याच्या मनांत येईल कीं, "तीं मरत असतां हे लिहीत कसे बसले?" हा पहिला आक्षेप होय. ह्याचें उत्तर असें कीं, त्या वर्षाच्या आधींही तीं मरतच होतीं. मात्र तेव्हां लिहिणारा कोणी नव्हता, म्हणून कोणास दोषही लागत नव्हता. जें मूल कोणी मोजलें नाहीं, त्याच्यासाठीं औषधाची पेटी निघत नाहीं, पैसा मंजूर होत नाहीं, आणि अधिकाऱ्यास जाबही विचारतां येत नाहीं. न मोजलेल्याला जगांत वकील नाहीं. कशानें मरतात हें जोंवर ठाऊक नाहीं, तोंवर मनांत कितीही कळवळा असला तरी हात कोठें घालावा हें समजत नाहीं. तथापि आक्षेपांत एक सत्य आहे तें नाकारूं नये. ज्यानें मोजलें तो बांधला गेला. जो केवळ मोजून निघून जातो, तो त्या घराचा ऋणकोच राहतो.

गडचिरोलीस मोजणारे निघून गेले नाहींत. दुसऱ्या वर्षापासून त्याच स्त्रिया जंतुदोषानें आजारी पडलेल्या बालकांस घरींच औषध व इंजेक्शन देऊं लागल्या. पूर्वीं ह्या रोगानें आजारी शंभर बालकांतून १६.६ मरत, तीं आतां २.८ मरूं लागलीं. १९९३ ते १९९५ ह्या काळांत त्या गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ नवजात बालकें मरत होतीं; १९९७-९८ सालीं तो आंकडा २५.५ वर आला.

आतां दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. ह्या ३९ गांवांशीं ताडून पाहण्यासाठीं दुसरीं ४७ गांवें घेतलीं होतीं. तेथें सरकारची नेहमीची व्यवस्था चालू होती, परंतु ही घरपोंच शुश्रूषा नव्हती; आणि तेथें मृत्यूंत असा उतार पडला नाहीं. तेव्हां त्या ४७ गांवांतील एखादी आई विचारील, "माझ्या लेकरानें काय पाप केलें होतें?"

ह्या मातेस उत्तर देणें सोपें नाहीं, आणि शब्दपांडित्यानें तिचें तोंड बंद करूं नये. परंतु एक गोष्ट विचारांत घ्यावी. त्या काळीं जाणत्यांचें मत असें होतें कीं, आजारी नवजात बालकास इस्पितळांतच न्यावें. थोडें शिकलेल्या बाईच्या हातीं सुई देणें धोक्याचें. हें मत खरें ठरलें असतें तर अपाय ३९ गांवांसच झाला असता. गुणकारी म्हणून सिद्ध झालेला उपाय हातांत असून तो ४७ गांवांपासून चोरून ठेविला, असें झालें नाहीं. तो गुणकारी आहे काय, हाच तर प्रश्न होता. आणि ताडून पाहिल्यावांचून त्याचें असें उत्तर मिळतें ना कीं जें दूरचा मनुष्य मानील. अज्ञानांत प्रामाणिकपणें केलेली कसोटी हा अन्याय नव्हे.

अन्यायाचा आरंभ ज्ञानानंतर होतो. ह्या कामाचा वृत्तांत 'लान्सेट' ह्या वैद्यकी पत्रांत १९९९ च्या डिसेंबरांत छापून आला. ती शुश्रूषा सर्व देशांतील आशा कार्यकर्त्यांच्या हातीं सोंपविण्याचे नियम केंद्र सरकारनें २०११ सालीं काढिले. मध्यंतरीं इतर प्रांतांतही कसोट्या झाल्या, आणि कांहीं सावधगिरी योग्य होती हें मान्य करूं. तरी विचार करा: ४७ गांवें थांबलीं तीं कोणासही ठाऊक नसतांना, तीन वर्षें, देशांतील लक्षावधि घरें थांबलीं तीं ठाऊक झाल्यानंतर, बारा वर्षें. आपण बोट दाखवितों तें पहिल्याकडे, कारण तें वहींत लिहिलेलें आहे. दुसरें कोणाच्या वहींत नाहीं, म्हणून त्याची कोणास लाज वाटत नाहीं.

आणि मातेचें काय? ह्याच जिल्ह्यांतील दोन गांवांत राणीबाईंनीं ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचा वृत्तांत १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांत ९२ स्त्रियांस गर्भाशयाचा वा गुह्य भागाचा कांहीं ना कांहीं विकार होता; पूर्वीं कधींही ह्या अंगाची तपासणी झालेल्या केवळ शंभरांत ८. ह्या स्त्रिया दळीत होत्या, रोवणीला जात होत्या, लेकरें वाढवीत होत्या. त्या बोलल्या नाहींत, कारण त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. न विचारणें ह्यास आपण मर्यादा म्हणतों. पुष्कळदां ती निष्काळजी असते.

म्हणून आमचें मत असें आहे. मोजणें ही दया नव्हे, परंतु दयेला वाट दाखविणारा दिवा तोच आहे. आणि दिवा लावून जो त्या वाटेनें चालत नाहीं, त्याचा दोष अंधारांत बसलेल्यापेक्षां अधिक.

हें केवळ डॉक्टरांस व सरकारास लागूं आहे असें नाहीं. वाचकहो, तुमच्या वस्तींत मूल जन्मलें आणि बारशाआधीं गेलें, तर त्याचा जन्म व मृत्यु दोन्ही गांवच्या नोंदींत लिहवा. लाज धरूं नका. बाळंतपण इस्पितळांत झालें असल्यास बेचाळीस दिवसांत आशाताईनें सहा वेळां, घरीं झालें असल्यास सात वेळां यावें असा नियम आहे. ती न आल्यास तिला बोलावून आणा, आणि आल्यास दार उघडा. बाळ दूध ओढीनासें झालें, अंगानें गार पडलें, किंवा एका मिनिटांत साठ वा अधिक श्वास घेऊं लागलें, तर वाट पाहूं नका. तत्काळ दवाखान्यांत न्या. जे वाचूं शकतात त्यांनीं हें न वाचणाऱ्या घरीं जाऊन सांगावें.

हें वाचण्यापूर्वीं तुम्हांस ठाऊक नव्हतें, तर तुमचा दोष नव्हता. आतां ठाऊक झालें आहे.