दस्तरखानावरचा खेकडा

एका दस्तरखानावर बसलेल्या सर्वांनी सारखेच खाल्ले पाहिजे का? हा प्रश्न मला कोणत्याही किताबात भेटला नाही. तो भेटला रत्नागिरीत, समुद्राकाठच्या एका हॉटेलात, खेकड्याच्या रश्श्यासमोर.

माझ्या धाकट्या भावाची निस्बत तिकडच्या एका कोकणी मुस्लिम घरात ठरली. मुलगा-मुलगी दोघेही पुण्यात नोकरीला. मंगनीसाठी आम्ही जळगावहून सहाजण निघालो. धुळ्याहून फुफाजान आले. आम्हा खानदेशी माणसांची समुद्राशी ओळख किती? आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या ढिगाएवढी. ताजा मासा म्हणजे तापीचा, नाहीतर गिरणेचा. आणि इथे खिडकीबाहेर लाटा, टेबलावर पांढरीशुभ्र चादर, ग्लासात घडी घालून खोचलेले रुमाल. अब्बांना उर्दू वाचायची सवय. त्यांनी मेनूकार्डही उजवीकडून वाचायला घेतले. त्यामुळे त्यांना आधी किंमत दिसली आणि पदार्थ नंतर. ते कार्ड मिटून गप्प बसले.

पाहुणे एवढ्या लांबून आले म्हणून मुलीच्या वडिलांनी ही खास जागा निवडली होती. मासा जबह करावा लागत नाही, त्यामुळे मासळीच्या हॉटेलात आपण निर्धास्त असतो. तळलेली सुरमई आली, पापलेट आले, कोळंबीचे कालवण आणि तांदळाची भाकरी आली. शेवटी मोठ्या भांड्यात खेकडे आले. मुलीचे मामा मिरकरवाडा बंदरात बोटीवर असतात. खेकडे त्यांनी पहाटे स्वतः निवडून हॉटेलात पोचवले होते.

फुफाजान मोठ्याने म्हणाले, "ये चीज दस्तरखान पे कैसे आई?"

मुलीच्या आईचा वाढणारा हात तसाच थांबला. मामांनी मान खाली घातली. मी बी.एड. झालेला शिक्षक, उर्दू शाळेत रोज मुलांना अदब शिकवतो. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि उगाच पीत राहिलो.

फुफाजान मसला चुकीचा सांगत नव्हते. आपण खानदेशी बहुतेक हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल. खेकडा त्यात बसत नाही. कोळंबीला मासा म्हणावे की नाही, यावर तर हनफी उलेमांमध्येच मतभेद आहेत. कोकणातले मुसलमान शाफई. सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे. तिचा अर्थ ते व्यापक घेतात आणि खेकडाही खातात. म्हणजे एकाच भांड्यातली वस्तू टेबलाच्या एका बाजूला हलाल होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. आणि दोन्ही बाजूंना मोठ्या इमामांचा आधार होता.

इमाम अबू हनीफा कूफ्याचे. हिजरी १५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गाझा येथे इमाम शाफईंचा जन्म झाला, असे चरित्रकार सांगतात. पुढे हे दोन मार्ग दोन वाटांनी आपल्याकडे पोचले. कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून शाफई पंथ आला. आपल्याकडे इस्लाम मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने, दिल्लीकडून आला. फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि तिथून फारूकी राजवट उभी राहिली. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला तिच्या कबरी आजही आहेत. कोणाचे पूर्वज कोणत्या वाटेने दीन शिकले, यावर आज कोणाच्या ताटात काय आहे हे ठरते. यात फुफाजानची कर्तबगारी कोणती आणि मामांचा गुन्हा कोणता?

इमाम शाफईंची एक हकीकत सांगितली जाते. बगदादला अबू हनीफांच्या कबरीजवळ त्यांनी फजरची नमाज पढली तेव्हा आपल्या मतानुसार पढायची कुनूतची दुआ त्यांनी सोडून दिली. कारण विचारले तर त्या कबरीत झोपलेल्याचा अदब. त्यांनी आपले मत बदलले नाही. पण त्या जागी ते मत मिरवलेही नाही.

त्या दिवशी टेबलावरचे मौन अब्बांनी मोडले. त्यांनी खेकड्याचे भांडे दोन्ही हातांनी उचलले आणि मामांच्या पुढे ठेवले. म्हणाले, "भाईसाहब, हम नहीं खाते, मगर आप की मेहनत की चीज है. आप लीजिए, मुझे सुरमई दीजिए." मुलीचे वडील हळूच म्हणाले, "चूक आमचीच. आधी विचारायला हवे होते." टेबलावर पुन्हा बोलणे सुरू झाले. अब्बांनी खेकड्याला हात लावला नाही, आणि मसलकही सोडला नाही.

तेव्हापासून मला वाटते, परहेज ही आपल्या ताटाची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या ताटाची नाही. "मी खात नाही" हे वाक्य आणि "हे खाण्याजोगेच नाही" हे वाक्य, यांत फार अंतर आहे. पहिल्यात स्वतःवर बंधन आहे. दुसऱ्यात समोरच्याचा अपमान आहे.

कोणी विचारील, मग उद्या कोणी शराब ठेवली तर तीही अदबीने पुढे सरकवायची का? नाही. शराबच्या मनाईवर चारही इमाम एक आहेत. तिथे मतभेदाचा प्रश्नच नाही. जिथे जाणत्यांचीच मते वेगळी आहेत, तिथली ही गोष्ट आहे.

पण आरसा इथेच संपत नाही. माझ्या भावाला पुण्यात घर शोधताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे उत्तर किती ठिकाणी ऐकावे लागले! आम्ही सगळे घरी बसून संतापलो होतो. सर्वांत जास्त फुफाजान संतापले होते. माझा डबा उघडला की नाक मुरडणाऱ्या माणसाने मला जे दुखावले, तेच मी आपल्याच माणसाला खेकड्यावरून दुखावले, तर मग तक्रार करण्याचा मला हक्क काय? शेजाऱ्याने मांस खाऊ नये, हा त्याचा परहेज. त्याचा मान मी राखलाच पाहिजे. मात्र मी कुठे राहावे हे त्याने त्यावरून ठरवू नये.

समुद्राकाठची ती महागडी दावत आमच्या घरात अजून आठवली जाते. किती बिल झाले ते कोणालाच माहीत नाही. मुलीच्या वडिलांनी ते दिसू दिले नाही. निकाह जळगावला आहे. भरीत करायचे, बिर्याणी करायची, यावर घरात चर्चा चालू आहे. अम्मीने परवा समधनला फोन लावला. सलाम झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "आप लोग क्या नहीं खाते?"

फुफाजान शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "क्या बोले वो लोग?"