धारेचा दगड

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीकडे पाहा की घाटकोपर-मुलुंडकडे, केशकर्तनालयाच्या बाकावर बसायला जागा मिळायची नाही. पहाटे अंगाला तेल-उटणे लागायचे, तेव्हा गालावर चार दिवसांचे खुंट असून कसे चालेल? गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे पाहते. फार तर चोरट्या नजरेने कारागिराच्या हातातल्या वस्तऱ्याकडे पाहते. त्या वस्तऱ्यात आता बहुधा अर्धे पाते बसवलेले असते आणि गिऱ्हाईक उठले की ते फेकून देतात. आरोग्याच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. मात्र त्यामुळे न्हाव्याच्या धोकटीतली एक वस्तू आपल्या दृष्टीआड झाली. ती म्हणजे धारेचा दगड. तो गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्याच्याबरोबर एक प्रश्नही धोकटीतून गेला आहे आणि तो मात्र जायला नको होता.

हा प्रश्न असा. वस्तऱ्याला धार दगड लावतो. मग दगडाला सरळ कोण करतो?

वस्तरा दगडावर निजवून त्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवायची, धार पुढे करून ढकलायचे, टोकाशी पोहोचले की पाठीवर उलटवून परत आणायचे, अशी ही क्रिया. पाठीची जाडी धारेचा कोन ठरवते, म्हणून दगड सपाट असणे हा सगळ्या व्यवहाराचा पाया. परंतु दगड पोलादाला झिजवतो तसे पोलादही दगडाला झिजवते. हात सवयीने मध्यावरच अधिक फिरतो आणि तिथे हळूहळू खळगा पडतो. हा खळगा डोळ्यांना दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो वस्तऱ्यालाही जाणवत नाही! वर्षानुवर्षे त्याच दगडावर घासलेल्या वस्तऱ्याची धार त्याच खळग्याच्या बेताने गोलावते. मग तो दगडावर इतका चपखल बसतो की दोघांत केसाचीही फट राहू नये. दगड म्हणतो, वस्तरा उत्तम आहे. वस्तरा म्हणतो, दगड निर्दोष आहे. तक्रार करतो तो फक्त गाल.

खळगा सगळीकडेच वाईट असतो असे नाही. देवघरातली सहाण पाहा. तिच्या मधोमध पडलेला खोलगट भाग म्हणजे आजीच्या, पणजीच्या हातांची आठवण असते. चंदन उगाळायला तो उलट सोयीचाच. स्वयंपाकघरातला पाटा गुळगुळीत झाला तर मात्र टाकी लावून घ्यावी लागते. म्हणजे वस्तू जी सेवा करते तिच्यावर झिजेचे बरेवाईट ठरते. प्रेमाची झीज राहू द्यावी. न्यायाची झीज राहू देऊ नये. माणसाच्या मनात सहाणही असते आणि धारेचा दगडही असतो. आपली पंचाईत होते ती एकीचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे’ हे वाक्य फराळाच्या ताटाबद्दल उच्चारले तर गोड लागते. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल उच्चारले की त्याच वाक्याला धार येते.

दोन पृष्ठे एकमेकांशी तंतोतंत जुळली म्हणजे ती सपाट असतात, हा समज किती फसवा आहे हे यंत्रविद्येने फार स्पष्ट दाखवले आहे. इंग्लंडमधले अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगो येथे खरी समतल पृष्ठे कशी करावीत यावर निबंध वाचला. दोन पृष्ठांपैकी एक किंचित फुगीर आणि दुसरे तितकेच खोलगट असेल, तर ती दोन्ही एकमेकांत बेमालूम बसतील आणि तरीही दोन्ही वाकडीच राहतील. म्हणून पृष्ठे तीन घ्यावी लागतात. पहिले दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी, तिसरे पहिल्याशी अशी आळीपाळीने ताडून पाहावी लागतात. तिन्ही परस्परांशी जुळली तरच सपाटपणा सिद्ध झाला. यात कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. तिघांनाही आपले थोडे थोडे अंग द्यावे लागते.

हा नियम केवळ लोखंडाचा आहे असे मला वाटत नाही. याच मुंबईत 1890 साली जे घडले ते आठवावे. विधवेचे केशवपन करण्याची रूढी तेव्हा ब्राह्मणांत आणि इतर काही जातींत पक्की होती. घर आणि शास्त्र ही दोन पृष्ठे एकमेकांशी इतकी जुळली होती की कोणालाच कुठे फट दिसत नव्हती. घर म्हणे, शास्त्राची आज्ञा आहे; शास्त्री म्हणत, घराघरांतून तसेच चालत आले आहे. ज्या मस्तकावर वस्तरा चाले त्याची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होतीच. पण ती ऐकायची कोणी? अशा वेळी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्या हाताला कधी कोणी विचारले नव्हते तो हात तिसरे पृष्ठ होऊन उभा राहिला. रूढी त्या दिवशी संपली नाही. पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. परंतु दगडाला खळगा पडला आहे हे चारचौघांत दिसले. हातावर पोट असलेल्या माणसांनी हक्काचे काम नाकारून ते दाखवले, याचे मोल फार मोठे आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. सुटीच्या दिवशी तिथे सहलीला जाणाऱ्यांनी क्षणभर तिथल्या भिक्षूंचा संसार डोळ्यांसमोर आणावा. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचे फडके आणि वस्तरा, अशा आठ वस्तू भिक्षूच्या मालकीच्या मानल्या जात. विनयपिटकात वस्तऱ्याबरोबर त्याच्या धारेच्या दगडालाही अनुज्ञा दिलेली आहे. पालीत त्याला ‘खुरसिला’ म्हणतात. सर्वस्व सोडून आलेल्या माणसालाही धारेचा दगड सोडून चालत नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणखी एक गोष्ट. बुद्धाच्या शिष्यांत संघाचे नियम सर्वांत चांगले जाणणारा म्हणून ज्याची ख्याती होती, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न ज्याला विचारले गेले, तो उपाली पूर्वाश्रमीचा शाक्यांचा न्हावी होता. शाक्य राजपुत्रांनी आपला अभिमान गळावा म्हणून त्याला आपल्याआधी दीक्षा द्यायला लावली, असे परंपरा सांगते. म्हणजे पुढे त्यालाच आधी वंदन करावे लागेल! आपला दगड सपाट करून घेण्याची याहून सुंदर रीत कोणती?

दगड सपाट करणारे जुने-नवे कारागीर आणखी एक युक्ती करतात. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि जाड काचेवर पसरलेल्या पॉलिश-कागदावर पाणी घालून तो घासायचा. उंचवट्यावरच्या रेघा आधी पुसल्या जातात. जिथे रेघ शिल्लक राहते तिथे खळगा. सगळ्या रेघा गेल्या की काम झाले. यात एक गंमत आहे. खळगा भरून काढता येत नाही. भोवतालची उंची कमी करूनच तो नाहीसा करावा लागतो. दगड दर वेळी थोडा पातळ होतो. आपली चूक कळणे म्हणजे काही नवे मिळवणे नव्हे. मिरवण्याजोगे काही गमावणे आहे, आणि म्हणूनच ते आपण टाळतो.

कोणी म्हणेल, असा रोज दगड घासत बसलो तर दगडच संपेल, आणि दाढी राहून जाईल. खरे आहे. अहोरात्र स्वतःला तपासणारा माणूस कुणाच्याच उपयोगी पडत नाही. कारागीर दगड सपाट करतो तो काम नीट व्हावे म्हणून, काम टाळावे म्हणून नव्हे. पण दगडाला कधी हातच न लावणारा कारागीर अधिक घातक; कारण त्याचा आत्मविश्वास शाबूत असतो आणि रक्त दुसऱ्याचे येते.

दाढीला आयते पाते मिळते. मताला आयते पाते घेऊ नये. आज सकाळी उठल्याबरोबर हातातल्या मोबाइलवर कोणाचे तरी तयार, चकचकीत मत येऊन पडते. ते वापरावे, फेकावे, उद्या दुसरे. त्याला दगड लागत नाही, म्हणून दगड सपाट आहे का हे कोणी विचारतही नाही. अशा वेळी दिवाळीला घरी येणाऱ्या पाहुण्यांत आपल्याशी न जुळणारा एखादा मामा, एखादी तरुण भाची असते, तिला चकली पुढे करून गप्प बसवू नये. घरातली सगळी माणसे ज्या गोष्टीवर एकमताने माना डोलावतात, तिच्याविषयी तिला मुद्दाम विचारावे. ती कदाचित चूक असेल. पण तिसऱ्या पृष्ठाशिवाय आपण बरोबर होतो हे तरी कसे कळणार?