रॅपलिंगचा उच्चार आणि इंद्रशत्रूचा स्वर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावाला लागून सांदण दरी आहे. दोन्ही अंगांना कातळाच्या भिंती, मधून अरुंद घळ, आणि तळापर्यंत जायचे तर दोराला लटकून कडा उतरावा लागतो. या उतरण्याला मराठीत सगळे ‘रॅपलिंग’ म्हणतात. जोर ‘रॅ’वर, मधला ‘अ’ गिळलेला. कानाला ‘रॅप्लिंग’ असेच ऐकू येते. इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर असतो, साधारण ‘रपेलिंग’सारखा. त्यामुळे इंग्रजीत मुरलेला माणूस आपल्या माणसाला दुरुस्त करायला जातो, आणि आपला माणूस ओशाळतो. या ओशाळण्याला काही आधार आहे का? उच्चार चुकतो म्हणजे नेमके काय चुकते, याचा विचार आपल्या परंपरेत दोन हजार वर्षांहून अधिक काळ झालेला आहे, आणि तो या किरकोळ दिसणाऱ्या शब्दालाही लागू पडतो.

शुद्ध स्वराच्या आग्रहाचे सर्वांत मोठे प्रमाण म्हणजे इंद्रशत्रूची कथा. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा शब्द म्हणताना उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर असता, तर ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ झाला असता. तो पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ फिरला: इंद्र ज्याला मारणार तो. तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात हा दाखला दिला आहे. पण त्याच आह्निकात यर्वाण-तर्वाण नावाच्या ऋषींचीही गोष्ट येते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते. हे ऋषी मोठे ज्ञानी होते. रोजच्या बोलण्यात मात्र ते एक साधे वाक्य भ्रष्ट उच्चारात बोलत, आणि त्यावरूनच त्यांना ते नाव पडले. पतंजली त्यांना दोष देत नाही. यज्ञकर्मात ते तसे बोलत नसत, एवढे नोंदवतो आणि पुढे जातो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की नियम उघड होतो. जिथे ध्वनी हेच कर्म आहे, तिथे स्वराला मुभा नाही. वेदपठणातली पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांची सारी मेहनत त्यासाठीच आहे. जिथे ध्वनीने नुसते वस्तूकडे बोट दाखवायचे आहे, तिथे ऐकणाऱ्याला कळले की काम झाले.

रॅपलिंग हा मंत्र नाही. शिवाय मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि मधला ‘अ’ गाळणे हा या भाषेचा स्वभावच आहे: लिहितो ‘समजणे’, म्हणतो ‘समज्णे’, लिहितो ‘पाकळी’, म्हणतो ‘पाक्ळी’. ‘रॅप्लिंग’ त्याच चालीने आले आहे. त्यात अडाणीपणा शोधायचा, तर आपल्या सगळ्या बोलण्यातच शोधावा लागेल. आणि ज्या उच्चाराला शुद्ध म्हणतात, तो तरी मूळचा कुठे आहे? शब्द फ्रेंच. दोर दुहेरी टाकून खाली उतरायचे आणि मग एक टोक ओढून तो परत घ्यायचा, या परत बोलावण्यावरून तो पडला. ही युक्ती शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले-स्त्राताँ याने १८७० च्या दशकात काढली असे मानतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी शब्द घेतला, त्याचा ‘र’ बदलला, त्याला आपले शेपूट लावले. त्यांनी केले ते शुद्ध आणि आपण केले ते अशुद्ध, याला तर्काचा आधार नाही. तो फक्त वजनाचा प्रश्न आहे.

रतनगडावर उगम पावणारी प्रवरा याच जिल्ह्यातल्या ज्या नेवाशावरून वाहते, तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या कर्त्याच्या नावातला ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो. ‘ज्’ला ‘ञ’ जोडून तो या दोघांपैकी कोणीच उच्चारत नाही. सातशे वर्षांपूर्वीची मराठी त्या काळच्या उच्चारात आज कोणीही वाचत नाही. तरी पारायण निष्फळ होते असे एकही वारकरी मानणार नाही. गीतेचा अर्थ मराठीच्या ध्वनींत उतरतो हे ज्या जिल्ह्यात सिद्ध झाले, तिथे एका दोरखेळाच्या नावासाठी शरमेने मान खाली घालण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, कड्यावर चुकीचा उच्चार जिवावर बेतू शकतो. खरे आहे. वरून धोंडा सुटला की दिलेली हाक खालच्याला तत्क्षणी कळलीच पाहिजे. पण तिथे लागते ती वरच्याची आणि खालच्याची एकवाक्यता, ती ‘दगड!’ या हाकेतही पुरेपूर असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नाव नीट उच्चारणे हा आदर नाही का? माणसाच्या आणि गावाच्या नावाबाबत तो पूर्ण मान्य केला पाहिजे, कारण त्या नावाला धनी असतो आणि चुकीचा उच्चार त्याला लागतो. एखाद्या कृतीच्या नावाला असा धनी नसतो. जी भाषा ते वापरते, तिचे ते होते. आणि इथेच आपली काळजी उलट्या जागी खर्च होते. ‘रॅपलिंग’च्या जोराबद्दल दक्ष असलेली मंडळी रोमन अक्षरांवरून दरीलाच ‘संधान’ म्हणून मोकळी होतात. हा दोष मात्र खरा आहे, कारण ते नाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे आहे. म्हणून साम्रदला जाल तेव्हा रॅपलिंग खुशाल मराठीत म्हणा. दरीचे, वाडीचे आणि वाटाड्याचे नाव मात्र तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकून घ्या आणि तसेच उच्चारा.