विश्वास म्हणजे मोकळा श्वास



'श्वस्' धातूचा अर्थ श्वास घेणे. त्यास 'वि' हा उपसर्ग लागून 'विश्वास' शब्द सिद्ध होतो. ज्याच्यापाशी छाती मोकळी होते, तो विश्वासाचा. हा शब्द आज निरूपणास घेण्याचे कारण असे की, आपल्या शिरूर-दौंडकडचे काही माळकरी हृदयाच्या दुखण्याने धापा टाकीत खाटेवर बसतात आणि म्हणतात, "महाराज, आता आमच्या हातात काय राहिलंय?"

बाबांनो, पुष्कळ राहिले आहे!

डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, हृदय बंद पडले. तसे नव्हे. दृष्टान्त घ्या. विहीर खणताना झऱ्याचे पाणी पंपाने उपसतात. पंप अशक्त झाला की बाहेर धार बारीक पडते आणि आत पाणी चढू लागते. हृदय अशक्त झाले की तसेच होते. अंगाला रक्त कमी पोचते म्हणून थकवा. पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचते म्हणून सूज आणि धाप.

येथे कोणी शंका घेईल, "सारे पांडुरंगावर सोपवले, मग वजनकाटा कशाला?" अहो, वारीही त्याच्यावरच सोपवली आहे; तरी पाय आपलेच चालतात ना?

तर नियम ऐका. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे व लिहून ठेवावे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, पायांवर सूज चढली, रात्री उशाला जास्त उशी लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखले किंवा भोवळ आली तर १०८ ला फोन करावा.

मीठ पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे दूर ठेवा. एकादशीचे सैंधव चालते असे म्हणतात. पण सैंधवही मीठच! पाणी किती प्यावे, उपवास करावा की नाही, हे डॉक्टरांना विचारा. वाटेत लघवीला जावे लागते म्हणून वारीत लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळीही अंगात पाणी साठवू शकते. ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

अमेरिकेतील परिचर्येच्या अभ्यासक बार्बरा रीगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या रोग्यांनी स्वतः घेतलेल्या काळजीचे एक मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात पथ्य आणि त्रास होताच केलेला उपाय यांच्या जोडीला रोग्याचा आत्मविश्वासही मोजला जातो. 'हे मला जमेल' असे वाटणाराच काटा रोज पुढे ओढतो.

हा विश्वास आणावा कोठून? देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी यवतला उतरते, पुढे वरवंडला उतरते. एका दिवसात पंढरी कोणी गाठीत नाही. आज काटा पाहिला, एक मुक्काम झाला. उद्या डॉक्टरांनी सांगितले तेवढे अंगणात चाललात, दुसरा झाला. एखादा दिवस चुकला तर दिंडी मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागावे. घरच्या लेकी-सुनांनीही "तुम्ही पडून राहा" म्हणण्यापेक्षा "आज वजन किती, आबा?" असे विचारावे.

माळ घालून ज्याने इतकी वर्षे नेम पाळला, त्याला नेम नवा नाही. हाही त्यातलाच एक समजा.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!